परसातले डबके, बेडकांची ओरड आणि हवामानबदलाचा वाद

(इयत्ता ५ वी ते ७ वी : परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान यांचा संयुक्त पाठ)

मृग नक्षत्र लागून पहिला दमदार पाऊस झाला की सावद्याच्या परिसरात रात्रीचे रूप पालटते. दिवसा केळीच्या बागांतून वाफ निघत असते, आणि दिवेलागण होताच प्रत्येक खड्ड्यातून, चारीतून व परसातल्या डबक्यातून बेडकांचा एकच कल्लोळ सुरू होतो. ज्यांच्या घरामागे डबके असते त्यांची झोप उडते. काही जण त्रासतात, काहींना पाऊस आला याचे समाधान वाटते. अलीकडे या बोलण्यात हवामानबदलाचा विषयही हटकून निघतो. घरी ऐकलेला हा वाद मूल दुसऱ्या दिवशी शाळेत घेऊन येते आणि गुरुजींना विचारते, "खरे कोणाचे?" या प्रश्नाला काय उत्तर द्यावे व ते कोणत्या रीतीने द्यावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

पाठाचा उद्देश

१. बेडकाच्या जीवनक्रमाचे प्रत्यक्ष निरीक्षण करण्याची सवय विद्यार्थ्यांस लावणे.
२. 'हवा' व 'हवामान' यांतील भेद स्पष्ट करणे.
३. सिद्ध झालेली गोष्ट, संभवनीय गोष्ट आणि केवळ मत यांतील फरक ओळखण्यास शिकविणे.
४. दीर्घकाळ टिकेल अशी शाळेची निसर्ग-नोंदवही सुरू करणे.

एक प्रसंग

पुढील प्रसंग नमुन्यादाखल कल्पिला आहे; परंतु तो या भागातील कोणत्याही खेड्यात घडू शकेल असाच आहे.

शाळेच्या भिंतीला लागून एका घराचे परस आहे. पूर्वी घराच्या भिंतींसाठी माती काढल्यामुळे तेथे खड्डा पडला. पावसाळ्यात त्याचे डबके होते. जूनमधील एका रात्री बेडूक पहाटेपर्यंत ओरडले. सकाळी ओट्यावर माणसे जमली. घरधनी तरुण म्हणाला, "आप्पा, आज रॉकेल ओततो, नाहीतर मुरूम टाकून खड्डाच बुजवतो. झोप नाही, आणि डासही होतात."

शेजारचे वृद्ध शेतकरी म्हणाले, "भाऊ, बुजवू नको. आमच्या लहानपणी याच्या दसपट बेडूक होते. आता हवामानच बदलले, म्हणून ते संपत चालले."

तिसरा म्हणाला, "हवामान कधी बदलत नव्हते, आप्पा? दुष्काळ आधीही पडत होते. आणि बेडूक संपले म्हणता, तर रात्री ओरडले कोण?"

एवढ्यात गुरुजी शाळेत जाण्यास निघाले होते. सर्वांनी त्यांनाच पंच नेमले. गुरुजींनी तत्काळ निवाडा दिला नाही. "आठ दिवस डबके असेच ठेवा, मुले ते पाहतील आणि मग आपण बोलू," एवढेच ते म्हणाले.

या उत्तरात पाठाची सर्व पद्धती आली आहे. तिघांच्याही बोलण्यात काही खरे आहे, आणि तिघांनीही माहितीपेक्षा पुढे उडी मारली आहे. विद्यार्थ्यांकडून हे वेगवेगळे काढून घ्यावयाचे आहे.

बेडूक ओरडतो कसा व कशासाठी?

ओरडतो तो नर. मादीला बोलावणे आणि दुसऱ्या नराला आपली जागा कळविणे, हे त्या ओरडण्याचे मुख्य हेतू होत. ओरडताना त्याचे तोंड व नाकपुड्या बंद असतात. फुफ्फुसातील हवा स्वरयंत्रावरून तोंडाच्या पोकळीत जाते व गळ्याखालची पिशवी फुगते. तीमुळे आवाज मोठा होऊन लांबवर पोहोचतो. डोळ्याच्या मागे जी गोल चकती दिसते तो बेडकाचा कानाचा पडदा होय.

प्रत्येक जातीचा आवाज निराळा असतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर लिंबासारखा पिवळाधमक होणारा मोठा बेडूक खोल आवाजात 'डरांव डरांव' करतो. त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या असतात. खडबडीत अंगाचा भेक लांब, कापरा सूर लावतो. नखाएवढा लहान बेडूक असा आवाज काढतो की कंगव्याच्या दातांवरून कोणी नख ओढते आहे असे वाटावे. कान देऊन ऐकले तर एका कल्लोळातून तीन-चार जाती वेगळ्या ओळखता येतात. हे काम मुले मोठ्या माणसांपेक्षा लवकर शिकतात.

बेडकाचे जीवन पाण्याशी व उष्णतेशी फार घट्ट बांधलेले आहे. त्याच्या अंड्यांना कवच नसते. त्याची त्वचा पातळ व ओलसर असून तीतून तो काही प्रमाणात श्वसन करतो व पाणीही शोषून घेतो; त्यामुळे पाण्यातील विषारी द्रव्येही त्याच मार्गाने आत शिरतात. त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या तापमानाबरोबर बदलते. उन्हाळ्यात अनेक जाती मातीत खोल शिरून निपचित पडतात आणि पावसाची ओल पोहोचताच वर येतात. मग घाई सुरू होते. डबके आटण्यापूर्वी अंड्याचे पोहणारे पिल्लू व त्या पिल्लाचा पायांचा बेडूक व्हावयास हवा. यास कित्येक आठवडे लागतात. मधे पावसाने फार दिवस दडी मारली तर ती सर्व पिढी तेथेच वाळून जाते.

या भागातील लोकांनी बेडूक व पाऊस यांचे नाते फार पूर्वीच ओळखले होते. पंचांगात पर्जन्यनक्षत्रांची जी वाहने दिलेली असतात त्यांत बेडूक हे भरपूर पावसाचे वाहन मानतात. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०३ वे सूक्त बेडकांवरच आहे. पाऊस लांबला म्हणजे धोंडी काढण्याची प्रथाही सर्वांस ठाऊक आहे. या गोष्टी वर्गात अवश्य सांगाव्यात. मात्र बेडूक ओरडल्याने पाऊस पडत नाही, पाऊस व दमट हवा यांमुळे बेडूक ओरडतो, हा कार्यकारणाचा क्रम मुलांकडूनच काढून घ्यावा.

हवा आणि हवामान

ओट्यावरील वादाचे अर्धे मूळ एका शब्दात आहे. आपण नेहमीच्या बोलण्यात 'हवामान' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतो. आज ढग आहेत की ऊन आहे हेही हवामान, आणि खानदेश उष्ण व कोरडा आहे हेही हवामान. भूगोलाच्या पुस्तकात मात्र पहिल्यास हवा व दुसऱ्यास हवामान म्हटले आहे. हवा आजची असते. हवामान म्हणजे अनेक वर्षांच्या हवेची सरासरी व तिचे चढउतार. यासाठी सामान्यतः तीस वर्षांच्या नोंदी घेतात.

मुलांस दाखला द्यावा. एखादा विद्यार्थी एक दिवस उशिरा आला, तर त्यावरून त्यास आळशी म्हणता येत नाही. हजेरीपत्रक वर्षभर पाहिले म्हणजे त्याची सवय कळते. एका रात्रीची बेडकांची ओरड म्हणजे एका दिवसाची हजेरी होय. तीवरून 'हवामान बदलले' असे म्हणता येत नाही, आणि 'हवामान बदललेच नाही' असेही म्हणता येत नाही.

वादाचा सिद्ध झालेला भाग

येथे शिक्षकाने संदिग्ध राहू नये. 'काही लोक असे म्हणतात, काही तसे' असे सांगून विषय सोडून देणे म्हणजे निःपक्षपातीपणा नव्हे. पृथ्वी तापत आहे आणि त्याचे मुख्य कारण मनुष्याचे व्यवहार आहेत, ही गोष्ट मोजमापाने सिद्ध झालेली आहे.

कार्बन डायऑक्साइड वायू पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता अडवितो, हे एकोणिसाव्या शतकातच प्रयोगांनी कळले होते. हा वायू वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित स्वीडनच्या अऱ्हेनिअस या शास्त्रज्ञाने १८९६ साली मांडले. १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर या वायूचे अखंड मापन सुरू केले. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासले असता, औद्योगिक युगापूर्वीच्या आठ लक्ष वर्षांत हे प्रमाण तीनशेच्या आसपासच्या मर्यादेपलीकडे गेले नव्हते असे दिसते. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळापेक्षा सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. भारताची सरासरी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढली.

'हवामान पूर्वीही बदलत होते' हा ओट्यावरील तिसऱ्या माणसाचा मुद्दा खोटा नाही, पण अपुरा आहे. पूर्वीचे बदल ज्या कारणांनी झाले ती कारणे आज मोजून पाहता येतात. सूर्याचे तेज वाढले असते तर वातावरणाचे वरचे व खालचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापत आहे आणि वरचा थंड होत आहे. उष्णता खालीच अडविली जात असल्याची ही खूण आहे. घराला पूर्वी वीज पडून आग लागली होती, म्हणून आज चुलीच्या ठिणगीने लागलेली आग चुलीची नव्हे, असे कोणी म्हणत नाही.

पावसाच्या बाबतीत आपल्या भागाला लागू पडणारा एक महत्त्वाचा अभ्यास पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले, असे त्यात आढळले. पावसाची बेरीज मात्र त्याप्रमाणे वाढलेली नाही. थोड्या दिवसांत पुष्कळ पाऊस व मधे कोरडा काळ, ही स्थिती शेतकऱ्यास जाचते. डबक्यातील पिल्लांनाही ती जाचू शकते, हे वरील जीवनक्रमावरून विद्यार्थी स्वतः सांगू शकतील.

मग येथील बेडूक हवामानामुळेच कमी झाले काय?

येथे मात्र शिक्षकाने थांबावे. पृथ्वी तापली हे सिद्ध आहे. म्हणून या परसातील बेडूक त्यामुळेच घटले हे आपोआप सिद्ध होत नाही. इतर कारणे घराजवळच आहेत. ती फळ्यावर लिहून घ्यावीत.

रावेर व यावल हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी शासकीय पाहण्यांत वारंवार नोंदले गेले आहेत. केळीचे पीक पाणी फार मागते. विहिरी खोल गेल्या, कूपनलिका आल्या आणि पूर्वी जेथे ओल टिकत असे अशा जागा लवकर सुकू लागल्या. पाटाच्या पाण्याऐवजी ठिबक आले. त्याने पाणी वाचले हे चांगलेच झाले, पण शेतातील उघडे पाणी कमी झाले. कीटकनाशके व तणनाशके यांचा वापर वाढला. खड्डे बुजून घरे व काँक्रीटचे रस्ते झाले. शिवाय एके काळी आपल्या देशातून बेडकांचे पाय मोठ्या प्रमाणावर परदेशी खाण्यासाठी जात असत. ही निर्यात १९८७ साली बंद करण्यात आली.

आणखी एक शंका घ्यावयास हवी. आप्पांच्या आठवणीतील 'दसपट' हा आकडा कोणी मोजला होता? आठवण खोटी नसते, परंतु ती मापही नसते. त्या काळची एखादी वही असती, तर आज वाद पडला नसता.

दूरची दोन उदाहरणे

ही अडचण केवळ आपल्या गावाची नाही. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका देशात मॉन्टेवेर्दे येथील डोंगरजंगलात सोनेरी रंगाचा एक भेक होता. १९८७ साली असे दीड हजाराहून अधिक भेक दिसले. १९८८ साली दहा दिसले. १९८९ साली एक दिसला, आणि नंतर एकही नाही. हवामान तापल्याचा हा पहिला बळी, असे काही शास्त्रज्ञांनी म्हटले. पुढे त्वचेला ग्रासणाऱ्या एका बुरशीचा रोग पुढे आला. २०१० साली दुसऱ्या अभ्यासकांनी झाडांच्या खोडांतील खुणांवरून दाखविले की, त्या सुमाराचा कोरडा काळ एल निनो या नैसर्गिक आवर्तनामुळे आलेला असावा. पृथ्वी तापते आहे याविषयी या सर्वांचे एकमत होते. वाद होता तो या एका भेकाच्या मृत्यूचे कारण काय, एवढ्यापुरता. मोठी गोष्ट सिद्ध असतानाही लहान गोष्टीचा तपास स्वतंत्रपणे करावा लागतो, हा यातील धडा.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील इथाका या गावचे. तेथील कॉर्नेल विद्यापीठाचे अल्बर्ट राइट यांनी १९०० ते १९१२ या काळात कोणत्या जातीचा बेडूक वसंत ऋतूत कोणत्या तारखेस प्रथम ओरडला, हे लिहून ठेवले होते. त्यांच्यासमोर तेव्हा हवामानबदलाचा प्रश्न नव्हता. १९९० नंतरच्या दशकातील नोंदी २००१ साली या जुन्या नोंदींशी ताडून पाहण्यात आल्या. सहा जातींपैकी चार जाती १० ते १३ दिवस आधी ओरडू लागल्या होत्या. दोन जातींत फरक नव्हता. उशिरा ओरडू लागलेली जात एकही नव्हती. ज्या महिन्यांत या बेडकांची विणीची तयारी होते त्यांपैकी बहुतेक महिन्यांचे तापमानही त्या शतकात वाढलेले आढळले. नव्वद वर्षांपूर्वीच्या साध्या तारखा पुराव्याच्या कामी आल्या. त्या लिहिण्यास मोलाचे यंत्र लागले नव्हते. लागली ती वही, लेखणी व नेम.

हवामानबदलावर भाषणे करताना बेडकाचा एक दृष्टान्त नेहमी देतात : पाणी हळूहळू तापविले तर बेडूक त्यातच बसून राहतो व मरतो. हा दृष्टान्त वर्गात सत्य म्हणून सांगू नये. जर्मन शास्त्रज्ञ गोल्ट्झ यांच्या १८६९ मधील प्रयोगात मेंदू काढलेला बेडूक बसून राहिला. मेंदू शाबूत असलेला बेडूक पाणी तापू लागताच सुटण्याची धडपड करू लागला. चांगल्या हेतूने सांगितलेले असत्यही विज्ञानाच्या पाठात असत्यच होय.

शाळेची नोंदवही

दोनशे पानी, पक्क्या बांधणीची वही घ्यावी. पहिल्या पानावर डबक्याचा नकाशा, दिशा व अंदाजे लांबी-रुंदी नोंदवावी. सरळ बाजूंच्या डब्याचा पर्जन्यमापक मुलांकडून तयार करून घ्यावा. तो उघड्या जागी ठेवून रोज सकाळी ठरलेल्या वेळी साचलेले पाणी मिलिमीटरच्या पट्टीने मोजावे. वहीत पुढील रकाने असावेत :

१. तारीख व गेल्या चोवीस तासांतील पाऊस.
२. रात्रीची ओरड, गुणांकात : ० – आवाज नाही, १ – एकेक आवाज सुटा मोजता येतो, २ – आवाज एकमेकांत मिसळतात पण ओळखता येतात, ३ – अखंड कल्लोळ.
३. निरनिराळ्या आवाजांची संख्या.
४. अंडी प्रथम दिसल्याची तारीख. (भेकाची अंडी दोरीसारख्या माळेत असतात.)
५. पिल्लांना पाय फुटल्याची तारीख.
६. डबके आटल्याची तारीख. पुन्हा भरल्यास तीही.
७. जवळपास फवारणी, खोदकाम वा भराव झाल्यास त्याची नोंद.

ओरड ऐकण्याचे काम मुलांनी आपापल्या घरच्या ओट्यावरून, वडीलधाऱ्यांसमवेत करावे. रात्री डबक्यापाशी जाऊ देऊ नये. बेडकांच्या मागावर साप येतात. बेडूक पकडू नयेत. ज्या दिवशी नोंद झाली नाही तेथे रेघ मारावी. अंदाजाने आकडा भरू नये. आवाज ऐकूच आला नाही तर शून्य लिहावे, कारण शून्य ही देखील नोंदच आहे.

प्रसंगाचा शेवट

आठ दिवसांनी गुरुजींनी मुलांसह घरधन्यास वही दाखविली, असे वर्गात सांगावे. तीन रात्री कल्लोळ होता, मग तो उतरत गेला. डबक्यात अंड्यांच्या माळा दिसत होत्या. रॉकेलने डासांच्या अळ्या मरतात, तशीच बेडकाची पिल्लेही मरतात. डेंग्यूचे डास तर मुख्यतः घरातील रांजण, टाक्या व टायर यांतल्या साठलेल्या पाण्यात होतात. त्यासाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळणे हा खरा उपाय आहे. हे ऐकून घरधन्याने खड्डा त्या पावसाळ्यापुरता ठेवला. त्याचा झोपेचा त्रास खरा होता, आणि गुरुजींनी तो हसण्यावारी नेला नाही. पुढच्या वर्षी डबके घरापासून दूर, शाळेच्या कुंपणाच्या कोपऱ्यात करावे, असे ठरले. मोठा वाद कायम राहिला, तरी लहान निर्णय समजून-उमजून झाला.

शिक्षकांस सूचना

विद्यार्थ्यांची विधाने फळ्यावर तीन भागांत लिहून घ्यावीत : 'मोजून कळलेले', 'संभवनीय', 'मत'. विधान एका भागातून दुसऱ्यात नेण्यास कोणता पुरावा लागेल, हे मुलांनीच सांगावे. कोणाच्याही घरच्या मताची थट्टा होऊ देऊ नये.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. शिक्षकाची बदली होते आणि त्याने सुरू केलेली वही बहुधा कपाटाच्या तळाशी जाते. दोन वर्षांच्या नोंदीने हवामानाविषयी काहीच सिद्ध होत नाही. तीस वर्षांच्या नोंदीने पुष्कळ होते. म्हणून या वहीची नोंद जडसंग्रह नोंदवहीत करावी, आणि पदभार देताना ती नव्या शिक्षकाच्या हाती, शेवटच्या नोंदीचे पान उघडून द्यावी.

स्वाध्याय

१. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस विचारा : त्यांच्या लहानपणी गावात पावसाळी पाणी कोठे कोठे साचत असे? आज त्या जागी काय आहे? नकाशा काढा.
२. 'काल ४५ अंश तापमान होते, म्हणून हवामान बदलले.' हे विधान वरील तीन भागांपैकी कोणत्या भागात येईल? कारण लिहा.
३. एका आठवड्याच्या पावसाचा व ओरडीच्या गुणांकाचा आलेख एकाच कागदावर काढा. दोहोंत संबंध दिसतो काय?
४. परसातील डबके ठेवावे की बुजवावे? दोन्ही बाजूंनी प्रत्येकी तीन कारणे लिहा व त्यांपैकी मोजून पाहता येण्याजोगी कोणती ते खुणेने दाखवा.